दुभाष्याने सुधारलेला उपदेश

पपा, तुम्ही ज्यांचा उपदेश मराठीत आणला होता, ते पाहुणे उपदेशक परवा मला केबलवर दिसले. केस पांढरे झाले आहेत. हात मात्र अजून तसेच हवेत उचलून धरतात, जणू वरून कुणी काही टाकणार आहे आणि ते झेलायचे आहे. इंग्रजी बोलण्यावर कुणाचा तरी मराठी आवाज चढवलेला होता. मी कणकेचे हात घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि उभ्याउभ्याच ऐकू लागले. खरे म्हणजे मी त्यांना ऐकत नव्हते, त्या मराठी आवाजाला ऐकत होते. खालून पुसट येणाऱ्या इंग्रजीवरून एकेक वाक्य जुळवून पाहत होते. तो माणूस प्रामाणिक निघाला. जे इंग्रजीत, तेच मराठीत. शब्द कमी नाही की जास्त नाही. कार्यक्रम संपल्यावर मला हायसे वाटायला हवे होते. त्याऐवजी तुमची इतकी आठवण आली की पोळ्या तशाच टाकून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यानंतर मी बायबलशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. आता शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मंडळीतल्या प्रौढांचा अभ्यासवर्ग घेते. यंदाचा विषय आहे पारख: उपदेशकाला ऐकायचे कसे आणि जोखायचे कसे. विषय मला इतका आवडतो की वेळ संपली तरी फळा पुसवत नाही, आणि मागच्या बाकावरच्या काकूंना घड्याळाकडे बोट दाखवावे लागते. वर्गाला मी सर्वांत आधी एक भेद समजावते, कारण तो न कळल्याने चांगली माणसे फसतात. ढोंग वेगळे आणि खोटी शिकवण वेगळी. प्रभूच्या काळातले परुशी, म्हणजे नियमशास्त्राचे कडक पुढारी, लोकांना पुष्कळदा बरोबर तेच शिकवत आणि स्वतः उलट वागत. म्हणून प्रभूने सांगितले, की त्यांचे ऐका, पण त्यांच्यासारखे करू नका. हे ढोंग. उलट एखादा माणूस निर्मळ असतो, उपास करतो, रडून प्रार्थना करतो, आणि तरीही त्याची शिकवण ऐकणाऱ्याला खड्ड्यात नेते. ढोंग पकडायला माणसाच्या घरात डोकवावे लागते. खोटी शिकवण पकडायला शास्त्र उघडावे लागते. लोक नेमके उलटे करतात. उपदेशकाचे डोळे पाणावले की शिकवण खरी मानतात, आणि त्याचे एखादे लफडे कळले की त्याने सांगितलेले खरेही टाकून देतात. हे सांगताना मी रंगून जाते. पण या दोहोंच्या पलीकडे आणखी एक गोष्ट आहे, ती मी अजून फळ्यावर लिहिलेली नाही. ती तुमच्यामुळे कळली.

नव्वदच्या दशकातला तो हिवाळा. शाळेच्या मैदानावर सुवार्ता सभेचा मंडप पडला होता. तुम्ही मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवत होता, आणि बाहेरचा उपदेशक आला की दुभाषी म्हणून नाशकात तुमच्याशिवाय दुसरे नाव निघत नसे. त्या कामाचे तुमचे नियम कडक होते. 'ते म्हणतात' असे म्हणायचे नाही. उपदेशक 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचे. तो कुजबुजला तर कुजबुजायचे, गरजला तर गरजायचे, आणि पदरचा एक शब्द घालायचा नाही. मी कॉलेजात गेल्यापासून तुम्ही जेवताना माझ्याकडून सराव करून घ्यायचात. मी एखादे विशेषण आपल्या मनाचे घातले, की तुम्ही काही न बोलता चमचा ताटावर वाजवायचात आणि आई म्हणायची, "जेवू द्या हो तिला, भाषा काय पळून चाललीय?" त्या नियमांत वाढले होते म्हणूनच त्या संध्याकाळी माझ्या अंगावर काटा आला.

माझ्या शेजारी घोटीची मावशी बसली होती, आईची धाकटी बहीण. तिला लहानपणापासून आकडी यायची. लग्नानंतर एकदा भाकरी थापताना ती चुलीवर कोसळली, आणि तिचा उजवा हात भाजून कायमचा आखडला. मग सिव्हिलच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि आकडी थांबली. गोळ्या अचानक सोडल्या तर ती पूर्वीपेक्षा जोराने उलटेल, जिवावरही बेतेल, असे त्यांनी तुमच्यादेखत बजावले होते. म्हणून तिच्या गोळ्या संपण्याआधी नव्या घोटीला पोचतील, हे तुम्ही स्वतः पाहत होता.

उपदेशक त्या स्त्रीविषयी बोलत होते, जिने रक्तस्राव थांबावा म्हणून वैद्यांपायी सगळे गमावले आणि शेवटी गर्दीत प्रभूच्या वस्त्राला हात लावला. इंग्रजीत ते म्हणाले, की वैद्यांकडे जाणे हेच तिचे पाप होते. तुम्ही माईक जवळ ओढलात. मग मराठीत म्हणालात, "वैद्यांकडे गेली म्हणून प्रभूनं तिला एका शब्दानंही दुखवलं नाही." मी मान वर केली. ते म्हणाले, ज्याच्या उशाशी गोळ्यांची बाटली आहे, त्याचा देव त्या बाटलीत आहे. तुम्ही म्हणालात, "तो एका बड्या माणसाच्या घरी निघाला होता, तिथं मुलगी मरणाच्या दारात होती. तरी या बाईसाठी त्यानं सगळी गर्दी थांबवली. तिला सगळं बोलू दिलं." मंडपातून मोठा आमेन उठला. तो आमेन तुमच्या वाक्याला होता, उपदेशकांना वाटले आपल्याच. ते आणखी चढले. प्रत्येक आमेनबरोबर त्यांचे इंग्रजी कठोर होत गेले आणि तुमचे मराठी मायाळू होत गेले, आणि त्या सबंध मंडपात दोन्ही उपदेश ऐकू येणारी माझ्यासारखी फारच थोडी माणसे असावीत. मी मुठी आवळून बसले होते. आता पकडले जातील, या वाक्याला पकडले जातील. शेवटी ते गरजले, की घरी जा आणि आज रात्री औषधे फेकून द्या. तुम्हीही गरजलात, "घरी जाल, गोळी हातात घ्याल, तेव्हा देवाचे आभार मानून घ्या. आभार मानून गोळी घेणारा माणूस अविश्वासी नसतो." मावशी पदराने डोळे पुसत होती. पायऱ्या उतरताना उपदेशकांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाले, तुमची भाषा फार लांबलचक आहे, माझ्या एका वाक्याला तुम्हाला तीन लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपल्याकडे जेवायला आले. आईने मटण केले होते आणि बाजरीच्या भाकऱ्या. मावशीचा आखडलेला हात पाहून त्यांचे डोळे खरोखर भरून आले; जेवण बाजूला सारून, तिला न कळणाऱ्या भाषेत, त्यांनी तिच्यासाठी बराच वेळ प्रार्थना केली. हे मी मुद्दाम लिहिते. ते भामटे नव्हते, त्यांनी कुणाकडून काही उकळले नाही. मग हात धुऊन त्यांनी खिशातून एक लहान डबी काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि आईकडे पाणी मागितले. तुम्ही काळजीने विचारले. ब्लडप्रेशर, म्हणाले. आणि मग आपणच काय केले ते ध्यानात येऊन त्यांनी घाईने जोडले, की सेवेचा भार वाहणाऱ्या शरीराची गोष्ट निराळी असते. तुम्ही मान हलवलीत. स्वयंपाकघरात आई ताटे विसळत तुम्हाला म्हणाली, "त्यांच्या गोळीला अविश्वास चिकटत नाही वाटतं."

पाहुणे गेल्यावर मी तुमच्यासमोर उभी राहिले. मला तेव्हा सगळेच नीट मुद्द्यांत मांडता यायचे आणि त्याचा अभिमान होता. मी म्हटले, "लांडगा मेंढराच्या वेषात येतो हे तुम्ही मला लहानपणी शिकवलंत, पपा. तो वेष शिवून कोण देतं, ते मला काल कळलं." आईने आतून माझे नाव घेऊन दटावले. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही समजावलेत, जसे वर्गात समजावत असाल. इथल्या माणसांना ते इंग्रजी कळत नव्हते, तुम्ही म्हणालात. ते वाक्य मी मराठीत आणले असते, तर या माणसांच्या कानांवर ते माझ्या तोंडून, माझ्या आवाजात पडले असते. मी विचारले, मग माईक खाली ठेवून गप्प का नाही बसलात? तुम्ही म्हणालात, "पाहुणा आहे गं. बोलावून आणलेला. सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा करायचा?" मी म्हटले, आता लोक त्याला तुमच्यामुळे चांगला समजतील. यावर तुम्ही पाहुण्यांची खुर्ची उचलून आत नेलीत, आणि मला तेव्हा तुम्ही हरलात असे वाटले होते.

झाले तसेच. वर्षभर मंडळीत त्या उपदेशाचेच नाव निघत राहिले. पेठकडच्या गावांतल्या मंडळ्यांनी तो माणूस आमच्याकडेही यावा म्हणून निरोप धाडले. असा मायेचा उपदेशक पाहिला नाही, म्हणत. तुम्ही ऐकत राहायचात आणि उठून आत जायचात. पुढच्या हिवाळ्यात त्यांना पुन्हा बोलावणे गेले, ते तुमच्या शब्दांच्या बळावर. तुम्ही दुभाष्याचे काम करायला घसा बसल्याचे कारण सांगून नकार दिलात. मुंबईहून एक तरुण दुभाषी आला, तयारीचा, वेगाचा आणि अगदी प्रामाणिक.

मावशी घोटीहून आली आणि बायकांत पुढे बसली. शनिवारच्या शेवटच्या सभेत उपदेशकांनी तेच वचन घेतले. या वेळी मराठीत तेच आले जे इंग्रजीत होते. तुम्ही मागे, मंडपाच्या खांबाशी उभे होता. मग एक टोपली फिरवली गेली, औषधे टाकण्यासाठी. त्या टोपलीत पडणाऱ्या पाकिटांचा आवाज इतका हलका होता, की मला आधी कळलेच नाही काय चालले आहे. मावशीने आखडलेल्या हाताने पिशवी धरली, दुसऱ्या हाताने गोळ्या काढल्या आणि टाकल्या. तुम्ही गर्दीतून वाट काढत पोचलात तेव्हा टोपली पुढे गेली होती. घरी येईपर्यंत तुम्ही तिला शास्त्र सांगत होता. तीमथ्याला पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. मावशी मान हलवत होती. मग ओट्यावर बसून ती अगदी शांतपणे म्हणाली, "दाजी, मागल्या साली तुम्हीच त्यांचं बोलणं आमच्या गळी उतरवलंत. लय गोड वाटलं मला. त्या माणसावं इश्वास बसला तो तुमच्यापायी. आता तुम्हीच मागं ओढता व्हय?"

रविवारची सकाळ मला आजही वर्तमानकाळातच आठवते. मावशी स्टोव्हपाशी भाकऱ्या थापायला बसली आहे, कारण पाहुणी म्हणून बसून खाणे तिला जमत नाही. आई तिच्या इतकी जवळ उभी आहे की दोघींची कोपरे लागताहेत. "सरक की गं," मावशी म्हणते, "मी काय स्टोव्ह पळवून नेते?" आई हसते आणि सरकत नाही. तुम्ही सदऱ्याची बटणे लावत दारात थांबला आहात, तुमची नजर मावशीच्या हातावर आहे. तिने रात्रीची गोळी घेतलेली नाही, सकाळची घेतलेली नाही. तुम्ही नव्या गोळ्या आणून फळीवर ठेवल्या आहेत. तिने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दुपारच्या एस.टी.ने ती घोटीला जाणार, तिथे चूल आहे आणि दिवसभर घरात दुसरे कुणी नसते.

चर्चमध्ये उपासनेत साक्षीची वेळ आली. आपल्या मंडळीत त्या वेळी कुणीही उभे राहावे, देवाने आठवड्यात काय केले ते सांगावे, असा रिवाज आहे. बहुतेक वेळा कुणाची नोकरी लागलेली असते, कुणाचा ताप उतरलेला. तुम्ही उभे राहिलात. पाळकसाहेबांच्या शेजारी ते उपदेशक बसले होते आणि त्यांच्या कानाशी तो तरुण दुभाषी. तुम्ही म्हणालात, "गेल्या वर्षी शाळेच्या मैदानावर तुम्ही जो उपदेश ऐकलात, तो या पाहुण्यांचा नव्हता. तो माझा होता. ते औषधं फेका म्हणाले, मी ते तुम्हाला सांगितलं नाही. त्यांच्या तोंडी मी माझे शब्द घातले. त्या शब्दांवर ज्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांनी तो काढून घ्यावा. माझ्यावरचाही काढून घ्यावा, पण गोळ्या सोडू नयेत."

आणि तुम्ही बोलत असतानाच, पपा, तो तरुण दुभाषी वाकून तुमचे प्रत्येक वाक्य उपदेशकांच्या कानात इंग्रजीत सांगत होता, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्यांचा चेहरा मी पाहिला. राग नव्हता त्यावर. आपल्याच घरात कुणी दुसराच राहत होता असे समजलेल्या माणसाचा चेहरा होता तो. मग ते उठले आणि म्हणाले, या भावाला अविश्वासाच्या आत्म्याने धरले आहे, आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू या. सगळ्या मंडळीने डोळे मिटले. पाळकसाहेबांनी मिटले. मी मिटले नाहीत, म्हणून मला दिसले की तुम्ही ताठ उभे आहात, आणि बायकांच्या बाजूला आणखी एक माणूस डोळे उघडे ठेवून तुमच्याकडे बघत आहे. ती मावशी होती. प्रार्थना संपायच्या आत ती चपला न घालताच बाहेर गेली.

आम्ही तिला चर्चच्या आवारात नळापाशी गाठले. तिने चेहरा धुतला होता. आईला तिने हाताने थांबवले आणि तुम्हाला विचारले, "मग मागल्या साली माझ्या जिवाला जे बरं वाटलं, ते कुणाच्या बोलण्यानं, दाजी?"

"माझ्या," तुम्ही म्हणालात.

"म्हंजे खोटंच होतं."

"मी ते त्यांच्या नावावर खपवलं, ते खोटं. त्या बाईला प्रभूनं दुखवलं नाही, ते खोटं नाही. ते शास्त्रात आहे. तू स्वतः वाच, माझं ऐकू नको."

मावशीने नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, "वाचाय मला येतं थोडं. घरी चला, दाखवा कुठं ते." घरी आल्यावर तुम्ही पान काढून दिलेत आणि तिच्यापासून लांब, दाराशी जाऊन बसलात. ती बोट ठेवून अक्षर अक्षर लावत होती. एकदा अडली, तेव्हा मी सांगायला पुढे झाले, तर तुम्ही मला खुणेने मागे बसवलेत. तिने सगळे वाचले. पुन्हा वाचले. "वैद्यांवरून रागवला नाय खरा," ती स्वतःशीच म्हणाली, आणि फळीवरची गोळी आपल्या हाताने काढून तिने घेतली. एस.टी. त्या दिवशी चुकली.

त्यानंतर मंडळीच्या पंचांनी तुम्हाला व्यासपीठावर चढू दिले नाही. दोन जिभांचा मास्तर, असे तुमच्या पाठीमागे म्हणत. काही समोरही म्हणाले. गंमत अशी, की शब्द बदलल्याचा राग फारच थोड्यांना आला होता. बहुतेकांना राग आला तो तुम्ही ते सांगितल्याचा. चांगले चालले होते ना, मग बोललात कशाला, असे पाळकसाहेबसुद्धा चहा घेताना म्हणाले. तुम्ही फार वर्षे जगला नाहीत. तुमच्या अंत्यविधीला जो संदेश झाला, त्यात तुमच्या दुभाष्याच्या कामाचा उल्लेख टाळला गेला. मावशी अजून आहे. केबलवर ते उपदेशक लागले की ती आवाज वाढवते. मी विचारले तर म्हणते, "बोलतो गं गोड, ऐकाय काय जातंय," आणि कार्यक्रम संपला की गोळी घेते.

हे सगळे मी पुढच्या शनिवारी वर्गात वाचून दाखवणार होते. फळ्यावरची राहिलेली तिसरी गोष्ट म्हणून: खोटी शिकवण पुष्कळदा आपल्या बळावर उभी नसते, ती चांगल्या माणसांच्या डागडुजीवर उभी असते. कुणी शब्द मऊ करतो, कुणी ढोंग झाकतो, कुणी पाहुण्याचा मान राखतो, आणि ऐकणाऱ्याच्या हाती पारखायला खरी वस्तू येतच नाही. तुमचे पहिले वर्ष ही चूक होती आणि दुसरे वर्ष हा तिचा उपाय, असे मला नीट समजावून सांगता आले असते. उदाहरण उत्तम आहे, विद्यार्थी विसरणार नाहीत.

पण वाचणार नाही. कारण शेवटी कुणीतरी हात वर करून विचारेल, की बाई, तुम्ही आजवर ऐकलेला सगळ्यांत चांगला उपदेश कोणता. असे ते विचारतातच. आणि मला खोटे बोलता येणार नाही, पपा. तो त्या पहिल्या हिवाळ्यातला, मंडपातला. जो कुणी केलाच नव्हता.